मुकादमाचा हात

आमच्या कॉलेजच्या होडीच्या कोचला पोहता येत नव्हतं, वल्हवता येत नव्हतं आणि होडीला तो होडी म्हणतही नव्हता. तो तिला मशीन म्हणायचा. वल्ह्याला म्हणायचा धोटा, म्हणजे लूमवर इकडून तिकडे पळतो तो. वल्हवणारी चार पोरं त्याच्या लेखी कारीगर होती, आणि शर्यत संपली की तो सुटकेचा श्वास टाकून म्हणायचा, “उतरना ताका!” ताका म्हणजे मशीनवरून उतरलेला कापडाचा गठ्ठा. उभं आयुष्य नवागामकडच्या लूमच्या कारखान्यात मुकादमी केलेल्या माणसाला सुरतच्या तापी नदीत दुसरं काय दिसणार?

समोर आम्ही त्याला नाना म्हणायचो, पाठीमागे मुकादम. त्याला दोन्ही सारखंच होतं, कारण ऐकू दोन्ही येत नव्हतं. लूमने त्याचे कान खाल्ले होते. कान गेले म्हणून शेठने त्याला घरी बसवलं, आणि नेमकी तेव्हाच आमच्या कॉलेजला नदीकाठच्या शेडवर राखणदार हवा होता. शेडमध्ये होडी होती. खेळाचे सर महिन्यातून एकदा रजिस्टरवर सही करायला यायचे आणि होडीपासून चार हात लांब उभे राहून “चालू द्या, चालू द्या” म्हणत परत जायचे. मग चालवायचं कोणी? मुकादमाने चालवलं. कोणी नेमलं नाही आणि कोणी अडवलंही नाही.

शेडमध्ये पाऊल टाकलं की लग्नघरात आल्यासारखं वाटायचं. होडीवर ताडपत्री नसायची, फॉल्टच्या साड्या असायच्या. गुलाबी, मोरपंखी, जरीच्या बुट्ट्यांच्या. जुन्या ओळखीतून तो त्या कुठूनतरी आणायचा आणि होडीला रोज वेगळी नेसवायचा. वल्ह्यांच्या कड्यांना लूमचंच तेल. भर उन्हाळ्यात डोक्याला माकडटोपी, कारण “कान गयात ते गयात, आते त्यास्मा वारा कसाले भरू?” नदीचा त्याला मनापासून राग होता. पाण्याजवळ जाताना चप्पल काढायचा नाही, पाय लांब ठेवायचा आणि मान वाकडी करून असं बघायचा की जणू नदीने त्याच्याकडून काही उसनं नेलंय. होडीत तो कधी म्हणजे कधी बसला नाही. एकदा भूषणने, वल्हवणाऱ्या चौघांतल्या म्होरक्याने, कानात ओरडून विचारलं, “नाना, एक राउंड तो मारो.” मुकादम म्हणाला, “मुकादम कधी मशीनवर बठस का रे?”

शर्यतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉजवेच्या वरच्या अंगाला तापीचं पाणी साचून राहतं, पण त्यावर जलपर्णी इतकी की मधे कशीबशी एका होडीची वाट उरते. शेजारी शेजारी शर्यत लावणार कुठे? म्हणून आमच्या युनिव्हर्सिटीत जुनी चाल होती. सहा कॉलेजांच्या सहा होड्या एकामागे एक, ठरावीक अंतर सोडून उभ्या करायच्या. शिटी झाली की प्रत्येकाने पुढच्याला गाठायचं आणि मागच्यापासून पळायचं. थोडक्यात, पाण्यातलं शिवणापाणी. पुढच्या होडीला तुमचं टोक लागलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या जागी, ती तुमच्या जागी. असे चार दिवस. चौथ्या दिवशी जो सगळ्यात पुढे तो राजा.

आता यात एक मेख होती. वल्हवणारे मागे तोंड करून बसतात आणि खाली मान घालून मरत असतात. धडक देणाऱ्या होडीचं टोक त्यांच्या पाठीमागे, आणि सुकाणू धरणारा चाळीस फूट लांब दुसऱ्या टोकाला. त्याला काय दिसणार? धक्का लागला की नाही हे खात्रीने एकालाच कळतं, ज्याला धक्का लागला त्या होडीच्या सुकाणूवाल्याला, कारण सुकाणूच्या दोऱ्या त्याच्या हातात असतात. म्हणून नियम असा की त्याने स्वतःहून हात वर करायचा. मग दोन्ही होड्या बाजूला होतात. ज्याने टच लपवला तो पुन्हा कधी होडीत बसायचा नाही. होडीला शिक्षा नाही, फक्त माणसाला.

आमच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात होतं.

मला मुकादमाने कॅन्टीनमधून उचललं. माझं घर नवागामला, आईवडील मूळचे जालन्याकडचे, वडील लूमवर. लूमवाल्यांच्या घरात कोणी हळू बोलत नाही, कारण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हळू ऐकूच येत नाही. त्या दिवशी कॅन्टीनवाल्याने मला शिळा समोसा दिला होता आणि मी त्याला दोन शब्द सुनावत होते. मुकादम बाहेर पाळ्यावर, म्हणजे नदीच्या बांधावर, उभा होता. आत येऊन तो म्हणाला, “हाई पोर माले ऐकू उनी!” एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर माझ्यामुळे कधी बघितला नव्हता. मग त्याने मला नेऊन भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं. बेचाळीस किलो. “मशीनवर भार नही, आवाज पुरा,” तो म्हणाला आणि झालं. मुलांच्या होडीत मुलगी कशी, असं सर म्हणाले. मुकादमाने नियमांची वही त्यांच्यापुढे धरली आणि मुलगाच पाहिजे असं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणाला. सरांनी ती वही पहिल्यांदाच बघितली असावी. चाळली आणि म्हणाले, “चालू द्या, चालू द्या.”

शिकवायचा तो हातांनी. लूमच्या गोंगाटात कोणी ओरडत नाही, खुणा करतात, आणि आम्ही पाचही जण लूमवाल्यांचीच पोरं, त्या खुणा दुधाबरोबर प्यालेली. तो पाळ्यावरून खडखडत्या मोपेडवर आमच्याबरोबर यायचा, उजवा हात अॅक्सिलरेटरवर, डावा हवेत. बोट गोल फिरवलं की जोर वाढवा. अंगठा आणि बोट चोळलं म्हणजे गाठ मारा, सगळे धोटे एकदम पाण्यात पडू द्या. उघडा पंजा वर म्हणजे धागा तुटला, मशीन बंद. पंजा वर झाला की पोरं जागच्या जागी थांबायची. विचार करून नव्हे, अंगच थांबायचं.

त्या पंज्याबद्दल मुकादमाचं एक कीर्तन ठरलेलं असायचं. “दख वं माय,” तो मला सांगायचा, “धागा तुटना ते डोयास्ना पहिले हातले समजस. समजनं का पंजा वर. तुटेल धाग्यावर मशीन चालाडी ते काय व्हई? फॉल्टना ताका कोठे जात नही. फिरीसन येस.” आणि कारखान्याचा एक रिवाजही सांगायचा, की दुसऱ्याच्या मशीनसाठी कधी पंजा वर करायचा नाही. का? कारण ज्याचा पंजा वर, फॉल्ट त्याच्या नावावर. शेठ फक्त कोणाचा हात वर आहे एवढं बघतो, मशीन कोणाचं ते बघत नाही. “मन्ही बत्तीस वरीसनी नोकरीमा मी दुसराकरता हात वर करा नही,” हे तो छाती काढून सांगायचा. मला तेव्हा हा प्रकार जरा आपमतलबी वाटला होता.

त्या वर्षी कॉलेजच्या ट्रस्टींच्या नजरेत शेड भरली. नदीकाठची जागा, गार वारा, तिथे होडी कशाला? ते गाडीतून उतरले, साडी नेसलेल्या होडीकडे बघून हसले आणि मुकादमाला म्हणाले, “काका, पहेला बेमां आवो तो शेड तमारो. नहितर अहीं केन्टीन.” पहिल्या दोघांत या, नाहीतर इथे नवं कॅन्टीन. आमची होडी तेव्हा चौथी होती, आणि चौथीच्या वर ती कोणाच्या आठवणीत कधी गेली नव्हती. मुकादमाला ऐकू आलं नाही. मी कानात ओरडून सांगितलं. त्याने शेडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मंग मी कोठे जाऊ?” त्याचा मुलगा कडोदऱ्याला, एका खोलीत सहा माणसं. मुकादम शेडमध्येच झोपायचा, शेडमध्येच भाकरी थापायचा. शेड गेली तर तो कुठे जाणार हा प्रश्न खराच होता.

मग आम्ही जे वल्हवलं ते मला आजही खरं वाटत नाही. पहिल्या दिवशी एकाला शिवलो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला, आणि तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या त्या बड्या कॉलेजच्या पांढऱ्याशुभ्र होडीला. त्यांचा कोच बाहेरगावाहून यायचा, गळ्यात घड्याळ, हातात वही. तो आमच्या मुकादमाकडे येऊन इंग्रजीत काहीतरी गोड बोलला. मुकादमाला वाटलं तो साड्यांचा भाव विचारतोय. त्याने दोन मोरपंखी साड्या त्याला भेट दिल्या.

चौथ्या दिवशी आम्ही पुढे, पांढरी होडी मागे. पाळ्यावर लोचोची, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या मऊ लगद्याची गाडी, भजीची गाडी, ही गर्दी. शिटी झाली. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही पळालो, मग भूषणचा दम तुटायला लागला. मला मागे बघता येत नव्हतं, पण पांढऱ्या होडीच्या वल्ह्यांचा आवाज पाठीशी आला होता. मी घसा फाडून ओरडत होते. आणि तेवढ्यात माझ्या हातातल्या सुकाणूच्या दोरीला हिसका बसला.

लहानसाच. चहाच्या कपाला कोणाचा धक्का लागावा एवढा. पण मला कळलं. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं.

मी हात वर केला नाही.

का नाही, याची सात वर्षांत मी बरीच कारणं तयार केली. वाट थोडीच उरली होती, राजा व्हायचं होतं, शेड वाचवायची होती. शेडचं तर तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं, कारण दुसरे आलो असतो तरी शेड वाचत होती. खरं एवढंच की मला पहिलं यायचं होतं आणि कोणी बघितलं नव्हतं.

एकाने बघितलं होतं. पाळ्यावर, माझ्या उजव्या अंगाला, मोपेडवर. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्याचा डावा पंजा वर गेलेला दिसला. माझी नजर पुढेच. मग त्याने उजवा हातही सोडला आणि मोपेडवर उभा राहून दोन्ही पंजे आकाशाला लावले. मोपेड लोचोच्या गाडीत घुसली, आणि मुकादम लोचोसकट पाळ्यावरून खाली.

जलपर्णी इतकी दाट होती की तिने त्याला क्षणभर झेललं. गादीवर पडल्यासारखा तो तिच्यावर पसरला, माकडटोपी डोक्यावर तशीच, आणि मग सावकाश आत गेला. अख्खा माणूस पाण्याखाली आणि एक पंजा वर. मासे धरणाऱ्या दोघांनी त्याच पंज्याला धरून त्याला बाहेर ओढलं.

आणि आमच्या होडीत? मान खाली असली तरी डोळ्याच्या कडेने पोरांना पंजा दिसला होता. धागा तुटला, मशीन बंद. चौघांचीही वल्ही एकाच क्षणी थांबली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही होडीतली पोरं असती तर म्हातारा पडला म्हणून हसली असती आणि पुढे गेली असती. आमची लूमची होती, ती थांबली. पांढरी होडी जलपर्णीला घासत शेजारून निघून गेली.

पंच मोटारबोटीतून आले. “टच थयो?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, “माहीत नाही सर. नानांचा हात बघून पोरं थांबली.”

एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं वाक्य खोटं होतं. पंचांनी वही उघडली. टच झाला असेल तर दुसरा नंबर, पण टच नसताना आपणहून थांबलेली होडी सहावी. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मला ते उघडता आलं नाही, कारण आधीचं वाक्य त्यात अडकलं होतं. पंच काठावर गेले. अंगाला लोचो आणि शेवाळ लागलेल्या मुकादमाच्या कानात ओरडले, “काका, तमे टच जोयो?” टच बघितला का?

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “नही साहेब. मी पडनू. पडता पडता हात वर गया.”

त्याने हो म्हटलं असतं तर शेड वाचली असती आणि मी पुन्हा कधी होडीत बसले नसते. काठावर हशा पिकला. सगळ्यांचे मोबाईल होडीवर नव्हते, मुकादमावर होते, आणि तेही तो पडायला लागल्यानंतर. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या सुरतने बघितला. हातवाले काका. त्याला गाणी लावली, त्याचे स्टिकर झाले. आजही कोणी ‘मी हजर’ म्हणताना ग्रुपवर त्याचा पाण्यातून वर आलेला पंजा पाठवतं. भूषण त्या दिवशी रडत रडत म्हणाला, “अबे, मुकादमने डुबाया ना आपल्याला!” बाकीचे तिघेही तेच म्हणाले. मीही मान हलवली. हे सांगताना लाज वाटते, पण हलवली.

शेडचं कॅन्टीन झालं. मुकादम एका गोणपाटात आपला संसार भरून कडोदऱ्याला गेला. होडीवरची साडी मात्र त्याने जाताना नीट नेसवून ठेवली होती, सोनेरी काठाची.

मी शिकले, नोकरीला लागले. एका कपड्याच्या युनिटमध्ये माल तपासायचं काम, म्हणजे दिवसभर फॉल्ट शोधायचे. देवाला विनोद कळतो असं मला तेव्हापासून वाटतं. गेल्या महिन्यात कामानिमित्त कडोदऱ्याला एका लूमच्या कारखान्यात गेले. आत शंभरेक मशीनं खडखडत होती, आणि टोकाच्या टेबलावर माकडटोपी घातलेला एक म्हातारा कापड उलटून पालटून बघत होता. बहिऱ्या माणसाला लूममध्ये काम मिळालं होतं. डोळे शाबूत होते ना.

त्याने मला ओळखलं. तोंड भरून हसला. मी जवळ गेले आणि सांगायला लागले, “नाना, त्या दिवशी टच झाला होता. मला कळलं होतं.” त्या गोंगाटात माझा आवाजही चालला नाही. त्याने कानाला हात लावून मान हलवली. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन आणखी ओरडले. माझा आवाज ज्याला सगळ्यात आधी ऐकू आला होता, त्याला आता नेमकं हेच ऐकू येईना. सात वर्षं तोंडात धरलेलं वाक्य, आणि बाहेर पडून उपयोग शून्य.

तेव्हा मी पंजा वर केला.

शेजारच्या मशीनवरच्या कारीगराने तो बघितला आणि झटक्यात आपलं मशीन बंद केलं. पलीकडच्याने त्याला बघून आपलं. दोघे धागे तपासायला वाकले आणि तुटलेलं काही सापडेना तसे माझ्याकडे रागाने बघायला लागले. मुकादमाने त्यांच्या मशीनकडे बघितलं, मग माझ्या पंज्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं, पण लूममध्ये सुताचं कस्तर उडतं, कोणाच्याही डोळ्यांत पाणी येतं.

“चालू करा रे!” तो कारीगरांवर खेकसला. “तुम्हनी मशीन नही ती. तिनी शे.”

मशीनं पुन्हा सुरू झाली. मग त्याने माझ्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, “बरं जयं तू उनी वं माय. आते मी मन्हा हात खाले करस.”